साबण लावलेला फुगा

४ जानेवारी

ती. बाबांस,
ठमीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण तुम्हाला सांगायला नको. दादाने फोनवर सगळं सांगितलं. शेजारच्या टायरवाल्याकडे ट्यूब फुटली, तुम्ही दचकलात आणि हातातला वस्तरा हेडमास्तरांच्या गालावर फिरला. दादा म्हणाला की जखम लहान आहे, हेडमास्तर स्वतःच हसले आणि म्हणाले, जन्मभर पोरांचे कान पिळले त्याची ही फेड असावी. पण तुम्ही दुकान बंद करून मागे घरात गेलात आणि जेवला नाहीत, हेही दादाने सांगितलं.

बाबा, वर्षभर तुमच्या कानात शिट्टी वाजते आहे आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत! तुम्ही सारखे उठून चहाची किटली बघायला जाता म्हणून आईला शंका आली. नाहीतर तुम्ही अजूनही किटलीवरच आळ घेत बसला असतात.

कालचा सगळा दिवस मी आमच्या वाचनालयातलं वैद्यकीचं जाड पुस्तक काढून बसले होते. या दुखण्याला कर्णनाद म्हणतात. मोठ्या आवाजांनी कान दुखावतो, त्याला जपावं लागतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कानाला विश्रांती हवी. सोबत कानात घालायची बोंडकी पाठवते आहे, ती सकाळपासून झोपेपर्यंत काढू नका. दुकानातला रेडिओ बंद करा. दाराची घंटी काढून टाका. वाचनालयाच्या कोठीत 'कृपया शांतता राखा' अशी एक जादा पाटी पडून होती, ती ग्रंथपालांना विचारून घेतली आहे, ती आरशावर लावा. आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. तुमचं दुकानही तसंच व्हायला हवं. घरच्या फोनची घंटा फार कर्कश आहे, तेव्हा तोही काढून ठेवा. मी यापुढे पत्रच लिहीन.

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला मिरवता. एवढंही माझ्याने झालं नाही तर ती पदवी नुसती भिंतीवर टांगायची का?

आईला नमस्कार, वहिनीला आठवण, आणि तिच्या बाळाचा, आपल्या भोंग्याचा, एक पापा. माया आहेच, ती पाठ्यपुस्तकासारखी दरवर्षी नवी असू द्यावी.

तुमची,
ठमी


१६ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पार्सल पोचलं. तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य आम्ही वाया जाऊ दिलं नाही. तू शिकलेली. तुझं ऐकायचं नाही तर मग टायरवाल्याचं ऐकायचं का?

दाराच्या घंटीची जीभ काढली. खुर्च्यांच्या पायांना जुन्या टॉवेलचे तुकडे बांधले. तुझी आई भांडी घासताना मोरीत गोणपाट अंथरते. तुझा दादा व्हॅन कोपऱ्यावर बंद करतो आणि दारापर्यंत ढकलत आणतो. लोक विचारतात की गाडी रोज कशी बंद पडते, तर तो म्हणतो की गाडीला कान आहेत. रेडिओ कपाटात ठेवला.

पाटी फार शोभून दिसते. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की ही माझ्या मुलीने पाठवली, ती वाचनालयात असते. गिऱ्हाइकं पाटी वाचतात आणि माझ्या कानाजवळ येऊन हळूच सांगतात की मागून बारीक करा. कानात बोंडकी असल्याने मला ते ऐकू येत नाही, मग ते खुणेने सांगतात. दुकानात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं, पण सवय होईल.

एक विचारायचं होतं. बाहेरचं सगळं गप्प झाल्यापासून आतली शिट्टी जास्त स्वच्छ ऐकू येते. म्हणजे औषध लागू पडतं आहे असं मी समजतो. परवा चमचा पडला तर दचकलो. पूर्वी चमच्याला दचकत नव्हतो. तुझ्या पुस्तकात याविषयी काही असल्यास कळव.

वस्तरा तूर्त कपड्यात गुंडाळून ठेवला आहे. दाढीवाल्यांना पुढच्या चौकातल्या दुकानात पाठवतो. कात्रीची कामं चालू आहेत.

प्रकृतीस जपून असावे. आमची ओढ तुझ्यापर्यंत पोचत असेलच, फक्त आवाज न करता.

तुझे,
बाबा


२४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एवढ्या शिस्तीने सगळं केलंत हे वाचून माझे डोळे भरून आले. सुरुवातीला असं होणारच. कान आता जागा होतो आहे, चिकाटी सोडू नका. चमचे लाकडी वापरून बघा.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आपल्या भोंग्याचा सूर. तो रडायला लागला की इथपर्यंत ऐकू यावा असा आवाज, आणि तोही कधी सुरू होईल याचा नेम नाही. वहिनीला माहेरी जाऊन बरेच महिने झाले. थोडे दिवस जाऊन आली तर तिलाही बदल आणि तुमच्या कानांनाही. हे आपलं मी सहज सुचवलं.

घाईत आहे, नव्या पुस्तकांवर शिक्के मारायचे आहेत. सगळ्यांना माझी आठवण द्यावी आणि थोडी स्वतःसाठी ठेवावी.

तुमची,
ठमी


१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

वरचा पत्ता बघून दचकू नका. आपल्या घरात दचकणारे एक पुरे आहेत. मी भोंग्याला घेऊन माझ्या माहेरी आले आहे आणि आता तीन आठवडे होत आले.

वन्सं, तुमचं 'सहज' इकडे येईपर्यंत हुकूम होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तुमचं पत्र आलं की मामंजी ते उभ्याने वाचतात. मग बसून वाचतात. मग घडी घालून खिशात ठेवतात आणि संध्याकाळी तुमच्या दादांना वाचायला लावतात. हे पत्र वाचून कोणीच काही बोललं नाही. बोलायची पद्धतच राहिली नाही म्हणा. सासूबाईंनी भोंग्याची पिशवी भरली आणि भरता भरता डोळ्याला पदर लावला, तोही बिनआवाजी. मी निघताना मामंजी म्हणाले की पोरगी दूर बसून आपला एवढा विचार करते, तिचं मन मोडायला नको.

मी रागावलेली नाही. रागावले असते तर फोन केला असता. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

मामंजी बरे नाहीत. पूर्वी ते टायरवाल्याच्या ट्यूबला दचकायचे, आता कुणी घडीचा कागद उघडला तरी दचकतात. दुकानात रेडिओ नाही, गप्पा नाहीत, त्यामुळे एखादी कात्री जरी टेबलावर ठेवली तरी ती वीज पडल्यासारखी वाटते. मग माणसं यायची कमी झाली. न्हाव्याकडे माणूस केस कापायला जातो होय? केस कुठेही कापून मिळतात. तुमचे दादा परवा आले होते. ते म्हणाले की मामंजी दुपारी कुलूप लावून मागच्या खोलीत बसतात, बोंडक्यांवर आणखी मफलर गुंडाळून. सासूबाई त्यांच्याशी खुणांनी बोलतात आणि उत्तर आलं नाही की भिंतीशी बोलतात.

इकडची बातमी म्हणजे भोंगा चालायला लागला. माझ्या आईच्या अंगणात, कोंबड्यांच्या मागे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मात्र वाटत राहिलं की पहिलं पाऊल मामंजींच्या खुर्चीकडे पडायला हवं होतं. त्याचे केस डोळ्यांवर येतात. इथे शेजारी कापून द्यायला तयार आहेत पण मी हात लावू देत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मीच त्याला मामंजींसमोर बसवलं होतं. त्यांनी कात्री घेतली, केसांजवळ नेली आणि परत ठेवली. म्हणाले, हात आता माझा राहिला नाही, लेकराच्या डोळ्यांपाशी नको.

तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. पण आमच्यापैकी कोणी काही म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. ते फक्त तुमचं ऐकतात.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं, नसता तर चार ओळींत आटोपलं असतं.

तुमची,
वहिनी


२७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कपाटांच्या मधल्या बोळात उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. एक वाचक आला, त्याला वाटलं मी खालच्या फळीवरचं काही शोधते आहे. तोही माझ्यासोबत शोधायला लागला.

आमच्याकडे कानाच्या एक डॉक्टर पुस्तकं बदलायला येतात. त्या आल्या तेव्हा मी काउंटरवरच त्यांना बाबांचं सांगायला लागले. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि मला बाहेर बागेत नेलं. तिथे लोक बोलत होते, नळ वाहत होता, कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं. त्या म्हणाल्या की अशी जागा तुमच्या वडिलांना चांगली. अगदी सामसूम झाली की मेंदू ऐकण्यासाठी आपला कान वाढवत नेतो, रेडिओचं बटण पिळावं तसा. मग आतली शिट्टीही मोठी होते आणि बाहेरचा चमचाही. बोंडकी खरोखर मोठा आवाज असेल तेवढ्यापुरती, दिवसभर नाही. एरवी हळू आवाजात काही ना काही चालू असावं. दचकणं एकदम थांबत नाही, पण माणूस ओळखीच्या आवाजांत राहिला की ते हळूहळू उतरतं.

मग त्यांनी विचारलं की रेडिओ बंद करायला कोणी सांगितलं. आणि वहिनी, मी म्हणाले की ओळखीच्या एका बाईने सांगितलं. इतक्या सहज म्हणाले की मलाच माझी भीती वाटली. दोन दिवसांनी त्या पुस्तक परत करायला आल्या तेव्हा मी कबूल केलं की ती बाई मीच. त्या म्हणाल्या, ते तेव्हाच कळलं होतं.

मग मी ते जाड पुस्तक पुन्हा काढलं. जिथे मी थांबले होते त्याच्या पुढच्याच पानावर हे सगळं होतं. मी ते पान उलटलंच नव्हतं. मला हवं ते सापडलं होतं, मग कशाला उलटू? वाचनालयात दिवसभर बसून मला वाटायला लागलं की शांतता ही सगळ्याच चांगल्या गोष्टींची सुरुवात असते. घरच्या माणसांवर मी वाचनालय लादलं. भोंग्याला घराबाहेर काढलं, आणि वर 'सहज' म्हणाले.

बाबांना लिहायला बसले तर पहिलं पत्र असं झालं, की आता नवीन माहिती उजेडात आली आहे, डॉक्टरांचं मत बदललं आहे. वाचून पाहिलं आणि फाडलं. डॉक्टरांचं मत बदललेलं नाही, माझं चुकलं आहे. पण ते लिहायचं कसं? ते माझं पत्र उभ्याने वाचतात म्हणालीस. चूक कबूल केलेलं पत्र ते कसं वाचतील? उद्या लिहीनच. आज हे तुलाच लिहून हात सैल करते आहे.

भोंग्याच्या पावलांची मी चोर आहे. रागाव, पण फोन नको करू, लिहूनच रागाव. ते मला पुन्हा पुन्हा वाचता येईल.

तुझी,
ठमी


२८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. शिट्टी स्वच्छ ऐकू येणं हा औषधाचा गुण नव्हता, तो माझ्या सल्ल्याचा दोष होता. पुस्तक मी अर्धं वाचलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही पुढे वाचलं नाही, उलट चिकाटी धरा म्हणून कळवलं.

कानांच्या डॉक्टरांना मी विचारून आले आहे. त्या तुम्हाला तपासायला तयार आहेत, तुम्ही याल तेव्हा मी सोबत असेन. तोवर रेडिओ हळू आवाजात लावा. बोंडकी फक्त टायरवाल्याचं हवेचं यंत्र चालू असेल तेव्हा घाला आणि ते थांबलं की काढा. पाटी काढून टाका. गिऱ्हाइकांना बोलू द्या. आणि वहिनीला बोलावून घ्या, मी हात जोडते. दचकाल तेव्हा श्वास सोडा आणि खांदे खाली येऊ द्या. कसला आवाज होता ते मनात म्हणा, म्हणजे तो परका राहत नाही.

हेही माझंच सांगणं म्हणून ऐकू नका. दादाला घेऊन तिथल्या डॉक्टरांना विचारा. माझ्यावर एवढा विश्वास ठेवू नका, असं लिहिताना फार जड जातं आहे.

माया कमी केलीत तरी चालेल, मी समजून घेईन.

तुमची,
ठमी


१५ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यावेळी बसूनच वाचलं. तुझ्या आईला मी मोठ्याने वाचून दाखवलं. घरात मोठ्याने काही वाचायची ती बऱ्याच दिवसांतली पहिलीच वेळ. आईने सांगितलं आहे की माया कमी करायला ठमीला इथे यावं लागेल, पत्रावर ते काम होणार नाही.

आता माझं ऐक. इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, ते तुझ्या डॉक्टरांसारखंच बोलले. पण तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस ते बरोबर नाही. हेडमास्तरांच्या गालावर रक्त बघितलं तेव्हाच माझ्या मनाने ठरवलं होतं की आता वस्तरा नाही. मला भीती बसली होती. पण इतकी वर्षं या धंद्यात घालवून भितो असं कोणाला सांगायचं? तेवढ्यात तुझं पत्र आलं. मग मला सांगायला कारण मिळालं, की माझ्या मुलीने मना केलं आहे, ती शिकलेली आहे. तुझ्या पाटीमागे मी लपलो. रेडिओ बंद केल्याने त्रास वाढतो हे मला आठवड्यातच कळलं होतं. तरी तो कपाटातच ठेवला. भोंगा गेला तेव्हा अडवलं नाही. लेकराच्या रडण्याची भीती नव्हती. हातात कात्री असताना तो हलला तर, ही होती. तेव्हा तुझ्या अपराधात माझा अर्धा वाटा धर. तुझ्याहून थोडा जास्तच.

आता पुढचं. आमच्या धंद्यात नवशिक्याला आधी माणसाचा गाल देत नाहीत. फुग्याला साबण लावतात आणि त्यावर वस्तरा चालवायला सांगतात. मीही तसाच शिकलो होतो. म्हटलं, हात पुन्हा नवशिका झाला आहे तर पुन्हा फुग्यापासून सुरू करू. दुकान उघडलं, रेडिओ लावला, खुर्ची अशी फिरवली की आरशात टायरवाल्याचा दरवाजा दिसेल. फुगा फुगवून त्याला फेस लावला. टायरवाल्याला सांगितलं की तू तुझं काम कर, पण मोठा हातोडा घालण्याआधी एक हाक मार. तो फार खूश झाला. म्हणाला, आजवर मला लोकांनी गप्प बस म्हणून सांगितलं, आवाज कर म्हणून तुम्हीच पहिले.

त्याने हाक मारली, हातोडा घातला आणि माझा फुगा फुटला. फुटला तो असा की साबण आरशावर, छतावर आणि माझ्या मिशांवर. दोन दोन धमाके एकदम! मी खुर्चीच्या मागे जाऊन बसलो होतो असं टायरवाला सगळ्यांना सांगतो, ते खरं आहे. तुझी आई घरातून चहा घेऊन आली होती. तिने मला बघितलं आणि ती इतक्या मोठ्याने हसली की रस्त्यावरची माणसं थांबली. पोरी, त्या हसण्याला मी दचकलो नाही.

पुष्कळ फुगे गेले. मग एक गोष्ट ध्यानात आली. दचकणं माझ्या हातात नाही, पण दचकल्यावर हात कुठे जाईल ते शिकवता येतं. करंगळी फुग्यावर टेकवून ठेवायची आणि आवाज झाला की मनगट बाहेर फेकायचं, फुग्याकडे नाही. सुरुवातीला हाक मारूनच करायचं. आता टायरवाला हाक मारत नाही. त्याला वाटेल तेव्हा घालतो, आणि तो माणूस खोडकर आहे. काल एका फुग्यावरचा फेस तो न फुटता सबंध उतरला. केसही नव्हता त्याच्यावर, तरी टायरवाल्याने त्याला आरसा दाखवला आणि विचारलं की मागून ठीक आहे ना.

शिट्टी आहेच. डॉक्टर म्हणाले की ती राहील बहुधा. रेडिओ चालू असला की ती मागच्या बाकावर जाऊन बसते.

सुनेला पत्र टाकलं आहे. आमचं इकडचं बरं चाललं आहे, तू मनाला खात बसू नकोस. खायचंच असेल तर जेवत जा.

तुझे,
बाबा


३ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

आपल्याच घरातून लिहिते आहे. मामंजी स्वतः न्यायला आले होते. बसमध्ये भोंग्याने सूर लावला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, श्वास सोडला आणि शेजारच्या प्रवाशाला अभिमानाने सांगितलं की हा आमचा.

काल हेडमास्तर आले. मामंजी त्यांना पुढच्या चौकात जा म्हणून सांगत होते, पण ते खुर्चीत बसले आणि उठेचनात. म्हणाले की नापास झालेल्याला फेरपरीक्षेला बसू देणं ही माझी जुनी सवय. मामंजींनी टायरवाल्याला हातोडा खाली ठेवायला सांगितला आणि त्याने ठेवलाही. पण फेस लावून वस्तरा निम्म्या गालावर आला आणि रस्त्यावर एका ट्रकने कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. मामंजी पायापासून शेंडीपर्यंत हलले. वस्तरा हवेत गेला, वन्सं, पार खांद्याच्या वर, गालापासून लांब. हेडमास्तरांनी डोळासुद्धा उघडला नाही. मामंजींनी 'ट्रक' असं एकदा स्वतःशी म्हटलं आणि उरलेला गाल पूर्ण केला. मग मागच्या खोलीत गेले. तुमचे दादा म्हणतात ते तोंड धुवायला गेले होते. मी काही म्हणत नाही.

त्यानंतर भोंग्याला खुर्चीवर फळी टाकून बसवला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत रडला आणि मामंजी प्रत्येक किंकाळीला कात्री बाजूला नेऊन परत आणत होते. त्यामुळे वेळ फार लागला आणि एक बाजू जरा वर गेली आहे. मी ती सारखी करू देणार नाही.

आता तुमच्याकडे वळते. फोन पुन्हा लावला हे तुमच्या दादांनी तुम्हाला कळवून दोन आठवडे झाले. तुमचा फोन नाही. काय बिनसलं?

या घरात तुमच्याशिवाय फक्त शांतताच कमी आहे, आणि तिची वाट कोणी बघत नाही.

तुमची,
वहिनी


१० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालांनी मान वर करून बघितलं.

तुम्ही अर्धा वाटा घेतलात, पण बाबा, अपराधाची वाटणी करून तो कमी होत नाही. निदान माझा तरी झालेला नाही. वहिनीने विचारलं म्हणून खरं सांगते. मी रोज कोपऱ्यावरच्या फोनपाशी जाते. घरचा नंबर फिरवते, शेवटचा आकडा राहतो आणि ठेवून देते. तुम्ही तेव्हा काय करत असाल ते दिसायला लागतं. हातात वस्तरा असेल, की गरम चहा असेल, की भोंगा कडेवर असेल. इतके दिवस तुम्हाला त्या घंटेपासून जपा म्हणून सांगितलं, आता तीच मी कशी वाजवू? मला भीती वाटते. तेव्हा तूर्त पत्रच बरं.

सगळ्यांना नमस्कार. भोंग्याच्या वर गेलेल्या बाजूला माझा विशेष नमस्कार.

तुमची,
ठमी


१७ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पाटी मी फेकली नाही. जाड लाकडाची आहे, चांगली आहे. उलटी करून त्यावर फेस फेटायची वाटी ठेवतो.

तुला फुग्यांचं सगळं लिहिलं, त्यातलं एक राहिलं. पहिला फुगा फुटण्याची जी भीती असते ती फुगा फुटेपर्यंतच असते. तू शेवटचा आकडा फिरवत नाहीस म्हणजे तुझा फुगा तू अजून हातातच धरून बसली आहेस. माझ्याजवळ आता एकही नवा फुगा नाही, भोंग्याने उरलेले सगळे फोडले.

फोन दुकान आणि घर यांच्या मधल्या भिंतीवर लावून घेतला आहे. घंटेवर कापड बांधू का म्हणून तुझ्या आईने विचारलं, मी नको म्हटलं. रविवारी सकाळी गर्दी असते. रेडिओ चालू असेल, टायरवाला ठोकत असेल, हातात बहुतेक वस्तरा असेल. तेव्हाच कर.

मी दचकेन. मग वस्तरा खाली ठेवीन आणि उचलेन.

तुझे,
बाबा